स्टीग लार्सन : बातम्यांच्या फायली, तीन कादंबऱ्या आणि साक्षीदार नसलेलं मृत्युपत्र

मसुदा
स्वीडिश पत्रकार आणि गुन्हेकथाकार स्टीग लार्सनबद्दल लिहिताना 'प्रसिद्धी बघायला जगला नाही बिचारा' इथून सुरुवात होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. त्याआधीची तीस वर्षं तो काय करत होता, हे राहूनच जातं. त्याच्या तीन कादंबऱ्यांच्या 'मिलेनियम' मालिकेतला जवळजवळ सगळा कच्चा माल त्या तीस वर्षांतला आहे. म्हणून हा धागा. कादंबऱ्यांच्या कथानकाबद्दल लिहिताना 'रहस्यभेद' असं आधी टाका, ही विनंती.

जन्म १५ ऑगस्ट १९५४, उत्तर स्वीडनमधलं शेलेफ्तेहाम्न. आईवडील अगदी तरुण, हातात पैसा नाही. ते दक्षिणेत स्टॉकहोमला गेले आणि पोर आजोळी राहिलं, ब्युर्सेले नावाच्या जंगलातल्या खेड्यात. आजोबा पक्के कम्युनिस्ट, नाझींचे हाडवैरी. १९६२ मध्ये आजोबा गेले आणि नऊ वर्षांच्या आतबाहेरचा स्टीग, एव्हाना उमेओ शहरात राहायला आलेल्या आईवडिलांकडे आला. बाराव्या वाढदिवसाला टाइपरायटर मिळाला. त्याची खडखड घरात सहन होईना, तेव्हा त्याला लिहायला तळघरातली खोली घेऊन दिली गेली.

१९७२ मध्ये उमेओतच, व्हिएतनाम युद्धविरोधी सभेत एव्हा गॅब्रिएल्सन भेटली. ती पुढे वास्तुरचनाकार झाली. दोघं शेवटपर्यंत एकत्र राहिली, लग्न मात्र केलं नाही. त्याच सुमारास तो विज्ञानकथांची हौशी चक्रमुद्रित मासिकं काढत होता. १९७७ मध्ये तर थेट इरिट्रियात गेला आणि तिथल्या मुक्ती लढ्यातल्या स्त्रियांच्या तुकडीला उखळी तोफा चालवायला शिकवल्या. लष्करी सेवेत त्याचं प्रशिक्षण उखळी तोफांचंच झालेलं होतं. निघण्याआधी एक मृत्युपत्र लिहून ठेवलं. ते कसं नडलं ते खाली कोणीतरी कायदा जाणणाऱ्याने लिहावं.

१९७९ ते १९९९ तो टीटी या स्वीडिश वृत्तसंस्थेत होता. १९९५ पासून 'एक्स्पो' या वंशवादविरोधी मासिकात. ९ नोव्हेंबर २००४ ला मृत्यू, वय ५०. लिफ्ट बंद होती म्हणून सात मजले जिने चढून कार्यालयात गेला आणि हृदयविकाराचा झटका आला. पहिली कादंबरी त्यानंतर ऑगस्ट २००५ मध्ये आली.

पानकिडा
उत्तम धागा. टीटीमधल्या कामाबद्दल थोडी भर घालतो. तिथे तो मुख्यतः बातम्यांसोबतचे नकाशे, तक्ते, आकृत्या करायचा. वार्ताहर म्हणून नेमणूक नव्हती, पण हळूहळू लेख लिहू लागला. त्यातलं एक काम म्हणजे वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि नाताळात, नव्या गुन्हेकथांचा आढावा. स्वीडनमध्ये याच दोन सुट्यांत गुन्हेकथा धडाधड खपतात. म्हणजे बाजारात काय चालतं, कुठल्या युक्त्या शिळ्या झाल्यात, हे त्याला वर्षानुवर्षं माहीत होतं. 'पत्रकाराने सहज लिहिलं आणि लागलं' असं हे प्रकरण नाही.

त्या आकृत्या काढणाऱ्या माणसाचा हात कादंबरीत ठायी ठायी दिसतो. पहिल्या भागात नायिका लिस्बेथ सालांदरला नवा लॅपटॉप हवा असतो, तर नुसता 'भारी लॅपटॉप' नाही : ॲपल पॉवरबुक जी-४, १ गिगाहर्ट्झ, ॲल्युमिनियमचं आवरण, ९६० एमबी रॅम, ६० जीबी हार्ड डिस्क. दुसऱ्या भागात ती आयकियात जाते तेव्हा दोन कार्लांदा सोफे, पाच पोएंग आरामखुर्च्या, लॅक टेबलं अशी यादीच येते. काहींना हे कंटाळवाणं वाटतं. मला वाटतं हा वृत्तसंस्थेचा संस्कार आहे : तपासता येईल असा तपशील द्या, विशेषणं गाळा.

कट्टेकरी
कंटाळवाणंच आहे हो ते. आयकियाची यादी काढली तर कादंबरीचं काय बिघडेल? संपादकाने कात्री लावायला हवी होती, पण लेखक हयात नाही म्हणून कोणी हात लावला नाही, असंच ना?

पानकिडा
@कट्टेकरी, पूर्ण तसं नाही. नॉर्स्टेट्स प्रकाशनाशी करार एप्रिल २००४ चा, एकदम तीन पुस्तकांचा. तेव्हा दोन तयार होती, तिसरं संपत आलं होतं. म्हणजे संपादनाचं काम त्याच्या हयातीतच सुरू झालं होतं. पिराटफोरलागेत या प्रकाशनाने त्याआधी हस्तलिखित नाकारलं होतं. गंमत म्हणजे त्या संस्थेच्या संस्थापकांत यान गियू आहेत. स्वीडनच्या गुप्त हेरखात्याचं 'आयबी' प्रकरण १९७३ मध्ये ज्या दोन पत्रकारांनी बाहेर काढलं आणि त्यापायी तुरुंगात गेले, त्यातले एक. मिलेनियमच्या तिसऱ्या भागात हेरखात्यातला जो गुप्त 'विभाग' आहे तो काल्पनिक, पण स्वीडिश वाचकाला तो वाचताना आयबी आठवणारच.

हिमगौरी
'एक्स्पो'बद्दल कोणीच सविस्तर लिहिलं नाही, म्हणून लिहिते. त्याशिवाय कादंबरीचा नायक, पत्रकार मिकाएल ब्लूमकविस्टचं 'मिलेनियम' मासिक समजत नाही.

लार्सन १९८३ पासून लंडनच्या 'सर्चलाइट' या फॅसिझमविरोधी मासिकाला स्वीडनमधून मजकूर पाठवायचा. १९९१ मध्ये आना-लेना लोडेनियस यांच्याबरोबर त्याने स्वीडनमधल्या अतिउजव्या संघटनांवर जाडजूड पुस्तक लिहिलं : कोण कुठल्या संघटनेत, पैसा कुठून, एकमेकांशी नातं काय. १९९५ मध्ये नवनाझींच्या हिंसाचारात माणसं बळी पडली आणि त्याच वर्षी काही जणांनी 'एक्स्पो' सुरू केलं. पुढच्या वर्षी छपाई करणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना धमक्या आल्या, तोडफोड झाली. तेव्हा 'आफ्तोनब्लादेत' आणि 'एक्स्प्रेसेन' या एकमेकांच्या कट्टर स्पर्धक सायंदैनिकांनी जून १९९६ मध्ये 'एक्स्पो'चा अंक आपापल्या अंकाबरोबर पुरवणी म्हणून वाटला. खप काही हजारांत असलेलं मासिक एका दिवसात लाखो घरांत.

पैशाची मात्र कायम बोंब. १९९९ ते २००३ 'एक्स्पो' स्वतंत्र निघतच नव्हतं, 'स्वार्तव्हीत' या दुसऱ्या मासिकाच्या पोटात निघत होतं. कादंबरीतल्या 'मिलेनियम'ची जाहिराती जाण्याची भीती, भागीदार शोधणं, हे सगळं इथलं आहे. एकच मोठा फरक : कादंबरीतलं मासिक उद्योगपतींच्या मागे लागतं, खरं मासिक वंशवादी संघटनांच्या.

धोका किती खरा होता? १९९९ च्या उन्हाळ्यात नवनाझींवर लिहिणाऱ्या एका पत्रकाराच्या मोटारीखाली बॉम्ब फुटला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्यॉर्न सोदरबेरी या कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याला स्टॉकहोममध्ये राहत्या घराच्या दारात गोळ्या घालून मारलं. लार्सनने पत्रकार संघटनेसाठी धमक्या आलेल्या पत्रकारांनी काय करावं यावर पुस्तिका लिहिली, ती २००० मध्ये आली.

रातवा
म्हणूनच लग्न केलं नाही असं वाचलंय. पण लग्न न करण्याने सुरक्षा कशी मिळते हे कळलं नाही.

अर्जविनंती
@रातवा, स्वीडनमध्ये लोकसंख्या नोंदवही करखात्याकडे असते आणि ती मूलतः सार्वजनिक आहे. कोणीही विचारलं तर नाव, पत्ता मिळतो. लग्न झालं की नोंदीत पतीपत्नी एकमेकांशी जोडले जातात. लग्नाशिवाय एकत्र राहणारे, ज्यांना तिथे 'सांबो' म्हणतात, ते असे जोडलेले नसतात. म्हणजे स्टीगच्या नावावरून एव्हापर्यंत आणि घरच्या दरवाजापर्यंत पोहोचणं थोडं अवघड. गॅब्रिएल्सन यांनी हेच कारण दिलं आहे.

आता मृत्युपत्र आणि वारसा. यावर इतकं चुकीचं फिरतं की एकेक मुद्दा घेतो.

स्वीडिश वारसा कायद्यात सांबोला वारसाहक्क शून्य. तीस वर्षं एकत्र राहिला असाल तरी शून्य. वारसांचे तीन वर्ग : आधी मुलंबाळं, ती नसतील तर आईवडील आणि त्यांच्यामागे भावंडं, तीही नसतील तर आजी-आजोबा आणि त्यांची मुलं. चुलत-मावस भावंडांना काही नाही, तिथून पुढे मालमत्ता सरकारी वारसा निधीकडे जाते. लार्सनला मूल नव्हतं. वडील हयात, आई आधीच वारलेली. म्हणून अर्धा वडिलांना, आईचा अर्धा तिच्या दुसऱ्या मुलाला, म्हणजे धाकट्या भावाला. वडील आणि भावाने काही हिसकावलं नाही, कायद्याने त्यांच्या पदरात आपसूक पडलं. पुढे त्यांनी काय केलं हा वेगळा प्रश्न.

सांबो कायदा २००३ चा. त्यात वाटणी होते ती फक्त दोन गोष्टींची : एकत्र वापरासाठी घेतलेलं घर आणि घरसामान. बँकेतले पैसे नाहीत, समभाग नाहीत, कॉपीराइट तर नाहीच. शिवाय ही वाटणी जिवंत राहिलेल्या जोडीदाराने स्वतः मागावी लागते, तीही मृताच्या मालमत्तेची यादी होण्याच्या आत. ही यादी मृत्यूपासून तीन महिन्यांत करावी लागते. दुःखात बसलेल्या माणसाला तीन महिने कधी गेले कळत नाही आणि तिथेच अनेकांचा हक्क बुडतो. दोघांचं घर अर्धं-अर्धं असल्यामुळे स्टीगचा अर्धा भाग वारसांकडे गेला. बऱ्याच तणातणीनंतर त्यांनी तो एव्हाला दिला.

१९७७ चं मृत्युपत्र : २००८ मध्ये एका माहितीपटामुळे ते चर्चेत आलं. स्वीडनमध्ये मृत्युपत्र लेखी हवं आणि दोन साक्षीदार एकाच वेळी हजर हवेत. मजकूर त्यांना कळायची गरज नाही, पण हे मृत्युपत्र आहे हे माहीत हवं. पंधरा वर्षांखालचे, पती-पत्नी, सांबो, भावंडं आणि ज्याला लाभ होणार तो, हे साक्षीदार चालत नाहीत. लार्सनच्या कागदावर साक्षीदारच नव्हते. अडीअडचणीत स्वहस्ते लिहिलेलं, बिनसाक्षीदाराचं मृत्युपत्र चालतं, पण अडचण संपून नेहमीसारखं मृत्युपत्र करणं शक्य झाल्यावर तीन महिन्यांनी ते बाद होतं. तो इरिट्रियातून परतून २७ वर्षं जगला.

आणखी एक बारकावा. सदोष मृत्युपत्र आपोआप केराच्या टोपलीत जात नाही. वारसांना ते रीतसर कळवल्यावर त्यांनी सहा महिन्यांत न्यायालयात आव्हान दिलं नाही, तर तेही टिकतं. पण त्यानेही एव्हाला काही मिळालं नसतं! त्या कागदात सगळं कम्युनिस्ट कामगार संघाच्या उमेओ शाखेला दिलेलं होतं. 'मृत्युपत्र सापडलं असतं तर एव्हाला न्याय मिळाला असता' हे वाक्य फिरतं, ते लिहिणाऱ्यांनी तो कागद काय होता हे बघितलेलंच नाही.

हिमगौरी
@अर्जविनंती, कायदा कळला, पण 'आपसूक पडलं' म्हणून सोडून देता येत नाही. वारसांनी २००९ मध्ये वृत्तपत्रातून एव्हाला २ कोटी क्रोनर द्यायची तयारी दाखवली. तिला रकमेपेक्षा लेखनावरचा ताबा हवा होता : कोणी काय छापावं, चित्रपटात काय करावं. तो शेवटपर्यंत मिळाला नाही.

अर्जविनंती
@हिमगौरी, नैतिक बाजूने तुमच्याशी सहमत आहे. कायद्याने मात्र ताबाही वारशातच जातो. स्वीडिश कॉपीराइट कायद्याच्या कलम ४१ नुसार लेखक मृत्युपत्रात आपल्या हक्कांचा वापर कसा व्हावा याच्या सूचना लिहून ठेवू शकतो आणि त्या वारसांवरही बंधनकारक असतात. 'माझी पात्रं घेऊन दुसऱ्याने लिहू नये' एवढं एक वाक्य आणि दोन सह्या पुरल्या असत्या. कॉपीराइट मृत्यूनंतर ७० वर्षं, म्हणजे २०७४ च्या अखेरपर्यंत. गॅब्रिएल्सन यांच्या सांगण्यानुसार पुस्तकांच्या उत्पन्नासाठी दोघांची मिळून कंपनी काढायचा विचार होता. करारानंतर सातच महिन्यांत तो गेला, ती निघालीच नाही.

रातवा
आणि तो चौथा भाग? लॅपटॉपमध्ये होता म्हणतात.

मसुदा
सुमारे २०० पानं लिहून झाली होती असं एव्हाने सांगितलंय. संगणक 'एक्स्पो'चा होता. कथानक उत्तर कॅनडातल्या बँक्स बेटावर, सॅक्स हार्बरच्या परिसरात सुरू होणार होतं, असं त्याने मित्राला ईमेलमध्ये लिहिलं होतं. ती पानं कुठेही छापलेली नाहीत. २०१५, २०१७, २०१९ चे तीन भाग डेव्हिड लागेरक्रांत्स यांचे, वारसांच्या परवानगीने, त्यांच्या स्वतःच्या कथानकावर. त्यात त्या २०० पानांतलं काहीही नाही. २०२२ पासून करिन स्मिर्नॉफ लिहितात आणि प्रकाशनही बदललंय. स्मिर्नॉफ यांनी गोष्ट उत्तर स्वीडनला नेली, ती कल्पना तरी लार्सनच्या मुलखाशी जुळते. लागेरक्रांत्सचं पहिलं ठीकठाक, पुढची दोन अगदी पातळ. हे माझं मत, भांडायला या.

कट्टेकरी
भांडायला काय, पहिलंही पातळच आहे. असो. माझा खरा प्रश्न : पहिल्या भागाची शंभर पानं दोनदा वाचून सोडलीत असे कितीतरी लोक माहीत आहेत. कसं वाचायचं?

पानकिडा
सुरुवात एका उद्योगपतीवरच्या लेखाच्या अब्रूनुकसानी खटल्याने होते आणि अनुदानाच्या पैशाच्या अफरातफरीची लांबलचक हकीकत येते. तिथे लोक गळतात. ती एकदा वाचा, आकडे लक्षात ठेवायला जाऊ नका, शेवटी पुन्हा उलगडून मिळतात. दुसरा अडसर, ज्यांच्या घरचं रहस्य शोधायचं त्या वांगेर कुटुंबाचा. भाऊ, पुतणे, चुलत्या मिळून डझनभरांपेक्षा जास्त नावं. पुस्तकात वंशवृक्ष असेल तिथे खूण घालून ठेवा, नसेल तर कागदावर काढा. पिढ्या चुकल्या तर रहस्य कळूनही धक्का बसत नाही. बेटावरचा तपास सुरू झाला की पुस्तक खाली ठेवणार नाही.

पहिला भाग एकटा वाचला तरी चालतो. दुसरा आणि तिसरा मात्र एकच कथा आहे. दुसरा जिथे संपतो तिथून तिसरा त्याच रात्री सुरू होतो, तेव्हा दोन्ही हाताशी असतील तरच दुसरा उघडा.

पहिल्या भागातल्या चार विभागांच्या सुरुवातीची वाक्यं वगळू नका. स्वीडनमधल्या १८ टक्के स्त्रियांना कधी ना कधी पुरुषाने धमकावलं आहे, ४६ टक्के स्त्रियांनी पुरुषाची हिंसा सोसली आहे, अशी आकडेवारी आहे ती. मूळ स्वीडिश नावच 'स्त्रियांचा द्वेष करणारे पुरुष' असं आहे. इंग्रजी आवृत्तीने ते बदलून गोंदणवाल्या मुलीचं केलं आणि इंग्रजी वाचकांत तेच रूढ झालं. इंग्रजी अनुवादक स्टीव्हन मरे यांनी संपादनावर नाराज होऊन स्वतःचं नाव काढून घेतलं आणि 'रेग कीलंड' हे टोपणनाव लावलं. तीनही भागांवर तेच आहे.

हिमगौरी
+१. त्या आकड्यांच्या मागे एक वाद आहे. २००१ मध्ये मेलिसा नोर्देल या स्वीडिश तरुणीला तिच्या आधीच्या प्रियकराने मारलं. जानेवारी २००२ मध्ये फादिमे शाहिंदाल या कुर्दी कुटुंबातल्या मुलीला तिच्या वडिलांनी उप्सालात गोळ्या घातल्या. दुसऱ्या खुनावर 'त्यांची संस्कृतीच तशी' असं रान पेटलं, पहिल्यावर नाही. लार्सनने २००४ मध्ये या वादावरचं पुस्तक संपादित केलं. त्याचं म्हणणं, दोन्हीचं मूळ एकच, स्त्रीवर मालकी सांगणारा पुरुष. कादंबऱ्या याच काळात लिहिल्या जात होत्या. म्हणून वांगेर घराण्यात श्रीमंत, गोरे, जुन्या घराण्यातले स्वीडिश पुरुष आहेत, हे योगायोगाने झालेलं नाही.

कट्टेकरी
हा मुद्दा पटला. चित्रपट कुठला बघावा? हॉलीवूडच्या डेव्हिड फिंचरचा?

मसुदा
२००९ चे स्वीडिश तीन : नूमी रापास लिस्बेथ. पहिल्याचं दिग्दर्शन नील्स आर्डेन ओप्लेव्ह, पुढच्या दोन्हींचं दानिएल आल्फ्रेडसन. त्यांचीच लांबवलेली दूरचित्रवाणी मालिका आहे, दीड-दीड तासाचे सहा भाग. ती मिळाली तर तीच बघा, दुसऱ्या-तिसऱ्या चित्रपटात गाळलेले दुवे तिथे आहेत. फिंचरचा २०११ चा डॅनियल क्रेग आणि रूनी मारा यांचा, संकलनाचं ऑस्कर मिळालेला. भारतात तो फेब्रुवारी २०१२ मध्ये लागणार होता. सेन्सॉर मंडळाने काही दृश्यं कापायला सांगितली, दिग्दर्शक तयार नव्हता, सोनीने प्रदर्शनच रद्द केलं. म्हणून तो आपल्याकडे थिएटरात बघितल्याचं कोणी सांगत नाही.

रातवा
खपाचे नेमके आकडे?

मसुदा
२००८ मध्ये जगात सर्वाधिक खपाच्या लेखकांत खालिद हुसैनींच्या पाठोपाठ दुसरा. जुलै २०१० मध्ये ॲमेझॉनने जाहीर केलं की किंडलवर दहा लाख प्रती ओलांडणारा तो पहिला लेखक.

अर्जविनंती
अवांतर : पहिल्या भागात ब्लूमकविस्ट एका जुन्या छायाचित्राचा माग काढत नूर्शोला आणि तिथून ब्युर्सेलेला जातो. रहस्यभेद नको म्हणून पुढचं लिहीत नाही, पण ते लेखकाचं आजोळ आहे हे माहीत असेल तर तो प्रवास वेगळाच वाचला जातो. नकाशावर दोन्ही गावं सापडतात.

हिमगौरी
स्टॉकहोमला जाणार असाल तर जागाही सापडतात, सगळ्या स्योदरमाल्म या बेटावर. ब्लूमकविस्टचं घर बेलमान्सगातान १, मासिकाचं कार्यालय यॉतगातानवर, ग्रीनपीसच्या वरच्या मजल्यावर असं कादंबरीत आहे, आणि लिस्बेथचं मोठं घर फिस्कारगातान ९. स्लुसेन स्थानकाला उतरलात तर तिन्ही पायी होतात, चढ आहे एवढंच. लिस्बेथच्या दारावर कादंबरीत 'व्ही. कुला' अशी पाटी आहे, ॲस्ट्रिड लिंडग्रेनच्या पिप्पीच्या घराच्या नावावरून. मोठी झालेली पिप्पी कशी असेल, या विचारातून लार्सनने लिस्बेथ घडवली. ब्लूमकविस्टला लोक चिडवतात ते 'काल्ले ब्लूमकविस्ट'सुद्धा लिंडग्रेनचाच बालगुप्तहेर. पाटी शोधत जिने चढू नका, तिथे खरी माणसं राहतात. फोटो रस्त्यावरून काढा.